गाडीतलं नाव

आमच्या गोठ्यात एक विलायती मोटार उभी होती आणि माझी माय तिच्यावर गोवऱ्या रचायची. गाडीचं नाव एमजी. हे सांगितलं की आयटीआयतली माझी पोरं म्हणायची, "मॅडम, ती तर आत्ता आलेली कंपनी आहे ना?" मी म्हणायची, "बाळा, तुझा आजा चड्डीत फिरत होता, तेव्हा ही हैदराबादहून हिंगोलीत आली." दोन माणसांपुरती, लांब नाकाची, सायकलसारख्या तारांच्या चाकांची गाडी. मालक हिंगोलीतले एक डॉक्टर आणि ड्रायव्हर माझे वडील, रामजी.

डॉक्टर म्हातारपणी पुण्याला लेकाकडे राहायला गेले. तोवर इंजिन जाम झालं होतं, गाडीला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्यांनी ती वडिलांना देऊन टाकली. देऊन टाकली असं गाव म्हणतं, मी म्हणते गळ्यात मारली. वडिलांनी ती बैलजोडीला बांधून आमच्या गावी, डोंगरकड्याला, ओढत आणली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मी तेव्हा इतकी लहान होते की त्यांचा चेहरा मला फक्त फोटोतला माहीत आहे.

मी हिंगोलीच्या आयटीआयत मोटार मेकॅनिकचा वर्ग घेते. गावातल्या प्रत्येकाचा ट्रॅक्टर माझ्या हाताखालून गेला, पण आमच्याच गोठ्यातल्या गाडीला माय हात लावू देत नव्हती. भंगारवाला दारात आला की काठी घेऊन उठायची. मी किती वेळा भांडले असेन त्याची गणती नाही. माझा स्वभाव तापट आहे आणि तो मी तिच्याकडूनच घेतलाय, त्यामुळे आमचं भांडण बरोबरीत सुटायचं.

मग गेल्या उन्हाळ्यात, एका दुपारी भाजी निवडता निवडता ती आपणहून म्हणाली, "खोल ती गाडी. पर माजं एक काम कर."

"काय?"

"त्या गाडीत माजं नाव हाये. तेवढं हुडकून दे."

मी हातातली शेंग खाली ठेवली. तिनं सांगितलं ते असं. गाडीत जागा दोनच, एक डॉक्टरची आणि एक वडिलांची. तिसऱ्या माणसाचा प्रश्नच नव्हता. नवीन लग्न झालेल्या मायनं एकदा हट्ट धरला, मला बी एक डाव बसवा. तर वडील हसून म्हणाले, तुला कवाच बसवलंय. तुजं नाव कोरलंय आत, डॉक्टरला दिसणार न्हाई अशा जागी.

"कुठं कोरलंय, ते विचारलं नाहीस?"

"न्हाई इचारलं. तवा वाचता कुठं येत व्हतं मला?"

आता येत होतं. वडील गेल्यावर फार वर्षांनी ती साक्षरतेच्या वर्गात बसली आणि 'जनकाबाई' लिहायला शिकली. मग इतकी वर्षं गाडी का उघडू दिली नाही, असं मी विचारलं. "भ्या वाटत व्हतं," ती म्हणाली, "सापडलं न्हाई तर? पर आता वय झालं. आता काय भ्यायचं." पुढच्या रविवारी मी गोठा रिकामा केला.

पहिलाच पाना नटाला बसेना. माझे पाने सगळे मिलीमीटरचे आणि गाडी इंचाच्या हिशोबातली. आमचे अल्लाबक्ष चाचा विहिरीवरची जुनी ऑइल इंजिनं आणि हळदीचे ड्रम दुरुस्त करतात. त्यांच्याकडे गोणीभर इंची पाने निघाले. गोणी खांद्यावर घेऊन ते आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बेटी, हिला आधी रॉकेल पाजायचं. मंग सबुरी. जबरदस्ती करशील तर तकलीफ होईल." मला सबुरीचं वावडं आहे. तरी सिलिंडरमध्ये रॉकेल ओतलं आणि रोज संध्याकाळी कॉलेजातल्या पोरीची विचारपूस करावी तशी इंजिनाची विचारपूस करत राहिले. पंधरवड्यात ते हललं. चाचांनी मिठाई मागितली, ती मायनं दिली.

नाव शोधायचं काम मी मनापासून करत होते. गंजलेला प्रत्येक तुकडा आधी ओल्या फडक्यानं पुसायचा, भिंगाखाली धरायचा, काही दिसलं नाही तरच गंज काढायला द्यायचा. गंज काढायची युक्ती चाचांची. हळद उकडून वाळवली की ती लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात आणि तिची साल घासून निघते. चाचांनी माझे नटबोल्ट, बिजागऱ्या, कड्या, सगळं टाकाऊ हळकुंडांबरोबर ड्रममध्ये घातलं. निघालं ते लख्ख, आणि पिवळंधमक. माय म्हणाली, "गाडीला हळद लागली, आता नवरा पाहा."

नव्यानं कळलेली एक गोष्ट मला फार लागली. या गाडीत वेगाचा काटा ड्रायव्हरपुढं नसतो, शेजारी बसणाऱ्यापुढं असतो. म्हणजे वेग किती ते डॉक्टरला दिसायचं, चालवणाऱ्याला नाही. गाडी विलायतेत तशीच बनवत होते, त्यात डॉक्टरचा काही दोष नाही हे मलाही कळतं. तरी दिवसभर मी त्या काट्यावर धुसफुसत होते.

लोखंडावर नाव निघालं नाही. मागच्या टाकीवर नाही, दारांच्या आतल्या पत्र्यावर नाही, इंजिनाच्या झाकणाखाली नाही. आता लाकूड उरलं. या गाडीचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो, हे ऐकून गावातले निम्मे लोक मला वेड्यात काढत होते. सांगाडा वाळवीनं खाल्लेला, तेलानं काळा पडलेला. तो नव्यानं करायचा तर सुतार हवा, आणि वाकडंतिकडं लाकूड जुळवणारा सुतार म्हणजे बैलगाड्या करणारा. जवळा बाजार गावच्या नरसिंगकाकांना मी गाठलं. त्यांनी सांगाडा पाहिला, बोटानं टोकरला आणि म्हणाले, "ह्ये तर आमचंच काम हाये. बाभळीचं करतो. पाण्यात मुरवलेली बाभूळ हाये माझ्याकडं, तुमच्या नातवाला बी पुरंल."

जुने तुकडे मी मापासाठी त्यांच्याकडे पाठवले. बाकीचे बघून झाले होते, पण त्यातल्याच सीटखालच्या फळ्या तेवढ्या बघायच्या राहिल्या होत्या. त्यांच्यावर तेल आणि मातीचा इतका जाड थर होता की तो हळूहळू खरवडायला निवांत दिवस हवा होता. फोनवर मी बजावलं, "काका, माप झालं की जुनं सगळं परत पाठवा." काका म्हणाले, "व्हय व्हय."

नवा सांगाडा आला तेव्हा मी त्याच्यावरून हात फिरवत राहिले. दाराचा बाक, पाठीचा उतार, सगळं बराबर. एक खिळा वर आला नव्हता. "आणि जुनं कुठाय?" मी विचारलं.

"जाळलं की."

"जाळलं?"

"मंग? जुन्या गाडीचं लाकूड मालकाच्या घरी धाडत न्हाईत, ताई. चाकाची धाव तापवायला आमी तेच लावतो. माझ्या बापानं कधी धाडलं न्हाई, आजानं न्हाई. परवाच एका गाडीला धाव चढवली, त्यात गेलं. बेस जाळ झाला." धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती लाल होईतो तापवून चाकावर चढवतात. आता बैलगाड्याही रबरी टायरवर आल्या, पण नरसिंगकाकांची रीत अजून लोखंडावरच होती. मला इतका राग आला की जवळचं फडकं उचलून मी जमिनीवर आपटलं. काका बिचारे भांबावून उभे. त्यांच्या हिशोबात त्यांनी माझं भलंच केलं होतं. नव्या गाडीवर जुन्या गाडीची सावली नको म्हणून.

मायला मी काही सांगितलं नाही. ती रोज गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून विचारायची, "सापडलं का गं?" मी म्हणायची, "लाकूड राहिलंय अजून." सगळं लाकूड जळून गेलं होतं, राहिली होती एक डॅशबोर्डची फळी. ती चांगल्या स्थितीत होती म्हणून घरीच ठेवलेली, आणि तिची पाठ मी केव्हाच पाहिली होती. कोरी होती.

मला वाईट वाटत होतं ते नुसतं वाईट नव्हतं. तिनं उभ्या जन्मात माझ्याकडे मागितलेली ही एकच वस्तू, आणि ती मी निवांत दिवसाची वाट बघत घालवली. शेवटी एका सकाळी ती भाजीबाजाराला गेल्यावर मी तो उद्योग केला. खिळा घेतला, फळीच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हर बसतो त्या अंगाला, 'जनका' कोरलं. अक्षर मुद्दाम जरा वाकडं काढलं. मग जळकं तेल आणि हळदीची पूड कालवून रेघांत चोळली, वर धूळ मारली, फडक्यानं पुसली. पोरांना मी शिकवते, काम करायचं तर शेवटपर्यंत नीट करायचं. खोटं कामसुद्धा मी नीटच केलं.

ती आल्यावर हाक मारली. "माय, सापडलं."

तिनं पिशवी तिथंच टाकली. चष्मा पदरानं पुसला. फळी मांडीवर घेतली आणि उजेडाकडे वळवली. बोट एकेका अक्षराखालून नेत वाचलं. मग परत पहिल्या अक्षरावर आली. बोटाला लागलेली हळद हुंगून पाहिली. मी मनात म्हणत होते, रडू नको, तू रडलीस तर मी सगळं सांगून टाकीन.

ती रडली नाही. म्हणाली, "चांगलं काढलंस."

"मी नाही, बाबांनी."

"तुज्या बापाला लिहिता येत नव्हतं, बाई. पगाराला आंगठा उठवायचा त्यो."

वडील अडाणी होते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ड्रायव्हर माणूस, हैदराबादपर्यंत गाडी नेणारा, त्याला लिहिता-वाचता येत असणारच, असं मी धरून चालले होते. आणि मग मला राग आला, नेहमीसारखा. "हे तुला पहिल्यापासून माहीत होतं? मग मला काहून शोधायला लावलंस? एकेक बोल्ट मी भिंगाखाली पाहिला, नरसिंगकाकांशी आठवडा झाला बोलले नाही!"

"अगं, मला वाटलं, एखादी रेघ मारली असंल. टिंब काढलं असंल. कोनाकडून लिहून घेतलं असंल." ती फळी अजून मांडीवरच धरून होती. "त्यो म्हनला, तुजं नाव हाये. म्या म्हनलं, व्हय. त्याला येत न्हाई ह्ये मला ठावं व्हतं, अन् मला ठावं हाये ह्ये त्याला बी ठावं व्हतं. आमी एकमेकाला खोटं पाडलं न्हाई. तेवढंच व्हतं आमच्यापाशी."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी जळालेल्या लाकडाचं सगळं सांगितलं. सीटखालच्या फळ्या, धाव, सगळं. तिनं ऐकून घेतलं. "त्यात असंल बी," ती म्हणाली, "नसंल बी. नरसिंगला काय बोलू नको, त्याची रीत हाये ती."

"मग हे पुसून टाकू?" मी विचारलं. "खोटं आहे ना हे."

"पुसतीस काहून?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून पाटीवरच रेघोट्या ओढतेय. "लेकीनं काढलंय. त्यात खोटं काय? खिळा कुठाय तुजा?"

मी खिशातून खिळा काढून दिला. तिनं फळी पक्की धरली आणि माझ्या अक्षरांच्या शेजारी रेघ मारायला सुरुवात केली. खिळा घसरत होता, मी धरायला गेले तर कोपरानं मला बाजूला सारलं. 'रा' जमला. 'म' जरा फाकला. 'जी' पर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला, कारण मध्ये थांबून ती दम खात होती आणि काढलेलं वाचून पाहत होती. त्या माणसाला स्वतःचं नाव आयुष्यात लिहिता आलं नव्हतं. ते त्याच्या बायकोनं लिहिलं, त्याच्याच गाडीत.

"आता बसव," ती फळी माझ्या हातात देत म्हणाली. मी इंची पाना उचलला आणि फळी तिच्या जागी बसवायला घेतली.