शिंगाड्याच्या पिठाचा शिंगाडा

बाई रात्री नदीकाठी आली की मासा पळतो, असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्याच्या गळाला मासा कधी लागलाच नसणार. गड्याला मासा मिळाला नाही तर तो स्वतःचा गळ तपासत नाही, जवळपास बाई कुठं आहे ते शोधतो.

हे मी माझ्या दिराच्या, विपुलच्या, तोंडावर बोलले. तो जेवत होता. त्याचा दोस्त शुभमही ताटावर होता आणि भाकरी माझ्याच हातची होती.

कौंडण्यपूरच्या खालच्या अंगाला वर्धेकाठी आमचा झेंडूचा मळा आहे. मळ्याखाली डोह. त्या डोहावर दिवसा मोटर चालू करायला मी जाते, पाइप मी ओढते, पाइपच्या टोकाच्या फूटवॉल्व्हात अडकलेलं शेवाळ मी काढते. तेव्हा मासा पळत नाही. सूर्य बुडाला की मात्र माझ्या पायांना काय होतं कोण जाणे, माशाला लगेच समजतं की बाई आली.

हे दोघं दर आठवड्याला रात्री तिथं शिंगाडा धरायला बसत. शिंगाडा म्हणजे मिशावाला मासा. अंगावर खवले नाहीत, कल्ल्याजवळ शिंगासारखे काटे, आणि रात्री तळाशी वासावर फिरतो. विपुलनं त्याच्यासाठी फिरकीची काठी मागवली, डोक्याला बांधायचा लाइट मागवला, गाण्याचा डबा मागवला. आजवर त्यांनी घरी काही आणलं असेल तर ती सर्दी.

"एक रात मले येऊ दे," मी म्हणाले. "शिंगाडा काठावर काढला तर माही जागा पक्की, कायमची. नाही काढला तर पुन्हा नदीचं नाव घेत नाही."

"काठावर बरं का, वहिनी," विपुल म्हणाला. "दिसला व्हता, सुटला, असं नाही चालनार."

"काठावर."

माझा नवरा शेखर म्हणाला, "तुमचं तुमी पाहा," आणि झोपायला गेला. घरातल्या सगळ्या लढाया तो अशाच जिंकतो.

दसऱ्याला झेंडू विकून झाला होता, मळा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघाले. टमाट्याच्या वेलाला लावतो ती बांबूची काठी, नायलॉनचा तंगूस, गळ, वजनाला एक नट, बसायला पोतं आणि काठीच्या टोकाला बांधायला वासराच्या गळ्यातलं घुंगरू, एवढंच सामान. सडक्या फुलांच्या ढिगाखालून गांडुळं काढून स्टीलच्या डब्यात भरली होती.

दारात सासूबाई. जमुनाबाई माळकरी, माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. त्यांच्या चुलीवर मासा कधी चढला नाही, विपुल बाजारातून आणलेला मासा मळ्यात तीन दगड मांडून शिजवतो.

"कुठी चालली वं?"

"शिंगाडा काढायले."

खोटं एका अक्षराचं नव्हतं.

"राती?"

"रातीच निंगते तो, आई."

"थांब मंग, मी येतो. आज एकादशी, उपासाले शिंगाडे होतीन. तुमाले कवळा कोनता अन् जून कोनता, समजत नाही."

आता यांना काय सांगू? त्यांनी फराळाचा डबा घेतला, शाल घेतली आणि माझ्या पुढं चालू लागल्या.

विपुल आणि शुभम वरच्या अंगाला बसले होते. लाइट पाण्यावर, गाणं चालू. आईला पाहून विपुलनं गाणं बंद केलं. लाइट राहिला. आम्ही खाली, करंजीच्या झाडापाशी बसलो. चांदणं चांगलं होतं, आम्हाला लाइट लागला नाही.

मी काठीला तंगूस बांधत होते, तेवढ्यात सासूबाईंनी डबा उघडला. फराळाचा नव्हे. दुसरा.

"अव माय. यात तं किडे पडले."

आणि मी "आई" म्हणेपर्यंत सगळी गांडुळं मातीसकट आमच्यासमोर डोहात. वरून त्यांनी डबा वाळूनं घासला, धुतला आणि माझ्या हातात दिला. "असं भांडं ठेवते का कोनी?"

वरून विपुल हसला. "झालं वहिनी. चाला घरी."

मला रडू आलं नाही, राग आला. एक रात्र मिळाली होती, तीही वाळूनं घासून निघाली. सासूबाई शांतपणे शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ खात होत्या. त्यात उकडलेला बटाटा, जिरं, वर तूप. वास मला आला, म्हणजे माशालाही येईल. मी एक तुकडा मागितला, चिकट होईपर्यंत मळला आणि गळावर गोळी बसवली.

"काय करून रायली?"

"गोळी."

"कोनासाठी?"

"शिंगाड्यासाठी."

"शिंगाड्याले शिंगाडा?" त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तं नाही."

गळ मी गांडुळं पडली तिथंच सोडला. काठी दगडात रोवली. मग बसलो. नदी हळू वाहत होती. सासूबाईंनी शाल गुंडाळून घेतली.

"लगन होऊन आली तवापासून इथंच हाय," त्या म्हणाल्या. "राती कधी पायली नव्हती हे नदी. कोनी आनलंच नाही."

तेवढ्यात घुंगरू वाजलं. मी झटका दिला. गळ रिकामा. घाई केली होती. दुसरी गोळी लावली आणि हात मांडीखाली दाबून बसले. घुंगरू वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. मी हलले नाही. मग काठी अशी वाकली की घुंगरू पाण्याला टेकलं, तेव्हा उठले आणि ओढली.

तो तळाशी दबून बसला. तंगूस बोटात रुतला. मी मागं सरकत गेले, सासूबाईंनी घाबरून माझा पदर धरला आणि आम्ही दोघी मिळून मागं गेलो. शिंगाडा वाळूवर आला. हातभर लांब, मिशा लोंबत्या, चांदण्यात चकचकीत. काटा लागू नये म्हणून मी ओलं पोतं टाकून त्याला धरलं. विपुल पळत आला.

"हे काय वं?" सासूबाई म्हणाल्या.

"शिंगाडा, आई."

"मले वाटलं, खायचा शिंगाडा."

"हाही खायचाच आहे."

त्यांनी वाकून गळाला चिकटलेली थालीपिठाची गोळी पाहिली. मग म्हणाल्या, "यानं माह्या फराळाचं खाल्लं. एकादशीले. म्हंजे याले उपास हाय. उपासवाल्याले कापता का तुमी? सोड त्याले."

विपुल लगेच भाविक झाला. "सोडा वहिनी, सोडा. आईचं मन मोडू नका. पन मंग मासा नाही म्हंजे तुमी हारल्या."

पोत्याखाली तो धडपडत होता. मी गळ काढला, पाण्यात उतरले आणि सोडला. शेपटीनं तोंडावर पाणी मारून गेला. मी वर येऊन विपुलसमोर उभी राहिले.

"बोलनं काय झालं होतं? घरी का काठावर?"

"तसं नाही, पन..."

"विपुल," सासूबाई म्हणाल्या, "काठावर आला व्हता, मी पायला. तुयावाला कुठी हाय?"

शुभम खोकला. विपुलनं डोक्यावरचा लाइट बंद केला, बहुतेक तोंड दिसू नये म्हणून.

"जागा पक्की हाय तिची," सासूबाई म्हणाल्या. "अन् माही बी. पुढच्या खेपेले खुर्ची आनजो माह्यासाठी. खाली बसून गुडघे दुखतात."

विपुल मुंडी हलवून सामान आवरू लागला. आम्ही दोघी चढ चढून मळ्यात आलो. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या.

"ते सगळं बरोबर हाय, साधना. पन माहे शिंगाडे कुठी हायेत?"

दुसऱ्या दिवशी विपुल अमरावतीहून पिशवीभर शिंगाडे घेऊन आला. सासूबाईंनी ते ओट्यावर ओतले आणि कवळे एकीकडं, जून एकीकडं करत त्याला म्हणाल्या, "पाय, याले म्हनते शिंगाडा. हा तरी तुले भेटला."