कानपिळीचा कंट्रोलर

लग्नात भांडण झाल्याशिवाय आमच्या कोळवणात लग्न लागल्यासारखं वाटत नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नातलं भांडण माझ्या वस्तूवरून झालं आणि त्यात एकाही माणसाने मला काही विचारलं नाही, हे मी जन्मात मान्य करणार नाही.

मी गौतमी. अनुष्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघीच, भाऊ नाही. हे ऐकल्यावर लोक 'अरेरे'चा चेहरा करतात, म्हणून आधीच सांगते की आमचं त्यावाचून कधी काही अडलं नव्हतं. अनुष्काचं लग्न ठरलं आणि लोकांचं अडायला लागलं.

कारण कानपिळी. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून दटावायचं, आणि त्याबद्दल नवरदेवाने त्याला मानाची भेट द्यायची. बैठकीत विषय निघाला तेव्हा मी सगळ्यांना चहा देत होते. "मी आहे की," मी म्हणाले, "मी पिळते."

सगळे हसले. आमचे थोरले चुलते हैबतराव, म्हणजे आमचे तात्या, सगळ्यात मोठ्याने हसले. "पोरीनं कान पिळल्यालं कुटं बघितलंय? आपला साहिल हाय की. घरचाच हाय."

साहिल हा तात्यांचा मुलगा. भिंतीला भिंत लागून घर. इतक्या वर्षांत या भावाने अनुष्काला कधी एसटीच्या थांब्यापर्यंत सोडलेलं नाही. तिला डेंग्यू झाला तेव्हा पौडच्या दवाखान्यात उशाशी मी बसले होते. हा एकदा येऊन मोसंबी खाऊन गेला, तीही तिच्यासाठी आणलेली. पण कान पिळायची वेळ आली की भाऊ तो. मी पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणजे एकनाथराव, यांनी उभ्या आयुष्यात थोरल्या भावापुढे आवाज काढलेला नाही. ते बशीतला चहा फुंकत राहिले.

नवरामुलगा दिग्विजय हिंजवडीजवळच्या चांद्याचा, नोकरी हिंजवडीतच. माणूस समजूतदार. बैठकीनंतर त्यानेच मला फोन केला. "कान साहिलला पिळू दे. भेट मात्र तुझी. बोल, काय आणू?"

मला काय पाहिजे ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गेमिंग कन्सोलचा वायरलेस कंट्रोलर.

इथे लोक हसतात, म्हणून नीट सांगते. कोळवणात फार्महाऊस घेतलेल्या एका पुण्याच्या साहेबांनी ते विकून जाताना त्यांचा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशिन, आम्हाला स्वस्तात दिला होता. त्यावर अनुष्का आणि मी रोज संध्याकाळी फुटबॉलची एक मॅच खेळायचो. जी हरेल तिने भांडी घासायची. त्या मॅचमध्ये आम्ही भांडलो, रडलो, कॉलेजातल्या न सांगण्यासारख्या गोष्टी एकमेकींना सांगितल्या. समोर बसून जे बोलता येत नाही ते पडद्याकडे बघत बोलता येतं. पुढे दोन कंट्रोलरपैकी एक बंदच पडला, आणि दुसऱ्याची स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, आपोआप सरकायला लागली. मी हात लावला नाही तरी माझा खेळाडू आपला डावीकडे चालायला लागायचा. समोर गोल मोकळा, आणि हा निघाला मैदानाबाहेर, दावं सुटलेल्या म्हशीसारखा.

दिग्विजयकडेही तसाच कन्सोल आहे. पोहे झाल्यावर मोठ्यांनी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा ते बोलले ते एवढंच, आणि अनुष्का खाली आली ती होकार घेऊनच. लग्नानंतर ती चांद्यातून आणि मी कोळवणातून इंटरनेटवर खेळायचं, हे आम्ही दोघींनी पक्कं केलं होतं. म्हणून ती जाणार याचं मी रडू आवरून धरलं होतं. मॅच राहणार होती ना! फक्त माझ्या हातात धड कंट्रोलर हवा होता. तो नसता तर बहीण खरोखरच सासरी गेली असती.

दिग्विजय म्हणाला, "ओरिजिनल आणतो." मी म्हटलं, थांबा, दाजी. नव्या पाहुण्यांना उगाच खर्चात घालायचं नाही असं पप्पांनी बजावलं होतं, आणि ओरिजिनल म्हणजे कंपनीचाच घ्यायचा तर किंमत ऐकूनच घाम फुटत होता. म्हणून मी दुसऱ्या कंपन्यांचे बघायला बसले. तात्यांनी मळणीयंत्र घेताना बघितलं नसेल इतकं मी बघितलं. एकाला नुसतेच रंगीत दिवे होते, हातात मात्र तो साबणासारखा निसटायचा म्हणे. एक छान होता, पण आमच्या कन्सोलला जोडलाच जात नव्हता, आणि ही गोष्ट विकणाऱ्याने तळाशी बारीक अक्षरात लिहिली होती, चोराने! शेवटी एक सापडला. साधा, काळा, अर्ध्याहून कमी किमतीचा. त्याच्या स्टिकच्या आत चुंबकावर चालणारे सेन्सर होते. ओरिजिनलच्या आत पट्टी घासते, घासून घासून झिजते आणि मग स्टिक सरकते. चुंबकाला घासायला काही नसतं. उणीवही होती. त्याने कन्सोल लांबून चालू होत नाही, उठून बटण दाबावं लागतं. मी उठेन. शेतकऱ्याची मुलगी आहे, चार पावलं उठून गेले तर झिजणार नाही.

दिग्विजयने अगदी तोच आणला. मला फोटो पाठवला. मी त्या रात्री खुशीत भांडी घासली.

लग्न पौडजवळच्या लॉनवर होतं. मंगलाष्टका झाल्या, सगळे होमापाशी बसले, आणि कानपिळीला साहिलला बोलावलं. फेटा बांधून तो आला, मोबाईल एका हातात तसाच धरून दुसऱ्या हाताने त्याने दिग्विजयच्या कानाला कसंबसं बोट लावलं, फोटोग्राफरकडे बघून दात काढले, झालं. दटावलं नाही, बहिणीचं नाव घेतलं नाही. दिग्विजयने सोनेरी कागदात बांधलेला खोका त्याच्या हातात दिला. मी पुढे झाले, की आता हा खोका माझ्याकडे येईल.

तो गेला तात्यांकडे. चारचौघांना मान दाखवायचा म्हणून तात्यांनी तिथेच कागद टराटरा फाडला आणि खोका साहिलपुढे धरला. "वाच रं, काय हाय."

साहिलने खोका फिरवून बघितला. "ह्यावर ती कंपनी न्हाई, तात्या. गौतमीकडं मशिन हाय त्याच्यावर येगळं नाव हाय. ह्यो दुसराच कुनाचा तरी हाय."

"म्हंजे डुप्लिकेट?"

"तसंच म्हना."

तसंच म्हणा! ज्याला कंट्रोलर उलटा धरलाय की सुलटा तेही कळत नाही, त्याने दोन शब्दांत निकाल लावला. तात्या खोका उंच धरून उभे राहिले. "वाल्मीकराव! ह्ये काय? आमच्या मानाला डुप्लिकेट माल? आमची पोरगी काय डुप्लिकेट हाय व्हय?"

वाल्मीकराव म्हणजे दिग्विजयचे वडील, ते बिचारे धुरात डोळे चोळत होते. "पाव्हणं, पोरानं काय आणलंय मला खरंच ठाव न्हाई. चुकलं असंल तर..."

"चुकलेलं नाही," दिग्विजय म्हणाला. "गौतमीनेच हा निवडला. तिच्यासाठीच आहे."

मला वाटलं, आता मिटलं. पण खरं बोलून आणखी चिघळलं. "म्हंजे पोरीला पुढं करून स्वस्तात गुंडाळलं!" तात्या म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "चायना माल!" मी म्हणाले, "ओरिजिनलसुद्धा तिकडंच बनतो!" दोन-चार जण हसले आणि तात्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"तात्या, मी निवडलाय," मी म्हणाले. "महिनाभर बघून निवडलाय. कंपनीच्या रिमोटची दांडी सरकती. आपल्या घरातलाच बघा की. ह्याची न्हाई सरकत."

"तुला काय कळतंय? वरिजिनल ते वरिजिनल. गप बस."

"पण वापरणार मी हाय!"

"कान कुनी पिळला? तू पिळलास?"

पिळू कुणी दिला नव्हता मला! मी पप्पांकडे वळले. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "गौतमी, आता नको बाळा. तुझ्या बहिणीचं लग्न आहे." जसं काही बहिणीचं लग्न आहे हे मला ठाऊक नव्हतं. जसं काही त्या मांडवात माझ्याहून जास्त ते कुणाला लागलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, आणि बायका एकमेकींना सांगत होत्या, "बहीण चालली ना, म्हणून रडतीया."

तात्यांनी फर्मान काढलं. वरिजिनल आल्याशिवाय पुढचा विधी नाही. वाल्मीकरावांचा पुतण्या गाडी घेऊन हिंजवडीच्या बाजूला पळाला, आणि संध्याकाळची हिंजवडी ती, कंपन्या सुटलेल्या, सगळा रस्ता कॅबनी भरलेला. पुतण्या अडकला. इकडे होम विझत आला, गुरुजी दोनदा घड्याळ बघून तिसऱ्यांदा चहाला गेले. शालूत घामेजलेली अनुष्का मान खाली घालून पाटावर बसून राहिली. पाहुणे कंटाळून जेवायला उठले. ज्या पोरीच्या मानासाठी म्हणून हे चाललं होतं तिला पाण्याचा पेला द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी दिला. पेला घेताना तिने माझं बोट दाबलं.

शेवटी ओरिजिनल आला. वाल्मीकरावांनी तो साहिलच्या हातात दिला, वर टॉवेल-टोपी दिली, तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. फोटो झाले. खाली उतरताना साहिल माझ्या कानाशी म्हणाला, "माज्याकडं ते मशिनच न्हाई गं. इकून टाकतो." आणि हे मी तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याचं त्यो बघंल. वस्तू त्याची हाय."

सप्तपदी उरकली. नवराबायको स्टेजवरच्या सोफ्यावर जाऊन बसले. माझा कंट्रोलर होमाशेजारी पडला होता, फाटक्या सोनेरी कागदासकट, अक्षता आणि चुरगळलेल्या फुलांच्या कचऱ्यात. झाडूवाला जवळ आला होता. आईने तो बघितला आणि मला म्हणाली, "तो पडलाय बघ, घे तो तुला. झालं ना तुझं काम?"

झालं माझं काम! मला तोच हवा होता, तोच मिळत होता, मग आणखी काय पाहिजे या मुलीला? सगळ्यांची ताटं चाटूनपुसून झाल्यावर उरलंसुरलं वाढावं तसं हे लोक मला वाढत होते, आणि मी वर खुश व्हायचं होतं. मी खोका उचलला. अक्षता झटकल्या. घरी न्यायच्या पिशवीत मात्र टाकला नाही. तो घेऊन स्टेजवर गेले आणि दिग्विजयच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?" तो म्हणाला. "तुझाच आहे की. घे."

"माझा नाही, दाजी. मला कुणी दिलेला नाही. कचऱ्यात सापडलाय."

तो कसनुसा झाला. "सॉरी गं. मी सांगितलं होतं त्यांना."

"सांगितलंत. ऐकलं कुणी?"

त्याने आजूबाजूला बघितलं. फोटोग्राफर जेवायला गेला होता, स्टेजसमोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मग त्याने फेटा काढून बाजूला ठेवला आणि मान माझ्याकडे वळवून खाली केली.

मी कान धरला, मुळाशी, चांगला दोन बोटांत घट्ट. "माझी बहीण आहे," मी म्हणाले. "तिला कुणी तासभर ताटकळत बसवलं आणि तुम्ही गप्प राहिलात, तर मी चांद्यात येईन. आज राहिलात तेवढं पुरे." आणि पिळला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आणखी," अनुष्का म्हणाली. तिचा आवाज मला दिवसभरात पहिल्यांदा ऐकू आला. "आणखी पीळ, गौतमी."

मी आणखी पिळला. दिग्विजयने 'आई गं' म्हणत दोन्ही हातांनी खोका माझ्यापुढे धरला.

एवढ्यात खालून तात्यांचा आवाज आला. हातात जिलेबीची ताटली घेऊन ते स्टेजच्या पायरीशी उभे होते. "ए, ए पोरी! काय चाललंय? एका लग्नात दोनदा कान पिळत न्हाईत!"

मी कान सोडला नाही.

"दोनदा कुटं पिळतीया, तात्या?" मी म्हणाले. "पयला धरूच नका."