सुटा देवमासा

"सुटा देवमासा हाय माझ्याकडं," कल्लप्पा दुकानाची फळी पुसत म्हणाला, "पण आत्ता न्हाय द्यायचो. भवानी व्हायचीय अजून."

पहिल्या गिऱ्हाइकाला सुटं काही विकलं, तर दिवसभर सुटंच खपतं आणि बंद माल तसाच पडून राहतो, असं कल्लप्पाचं मत होतं. ते अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण अक्कलकोट रोडवरच्या त्या दुकानात कायद्यासारखं चाले.

"मग पाकीट द्या," गुरुराज दुःखी चेहरा करून म्हणाले. तो चेहरा ते दर रविवारी करत. दुकान उघडायच्या वेळेलाच नातीला घेऊन पोचायचं, यात त्यांची सगळी हुशारी होती.

मनालीने पाकीट फोडलं. आत समुद्रातल्या प्राण्यांची तीन कार्डं: खेकडा, शंख, खेकडा.

"अज्जा, आपण उशिरा येऊया की. देवमासाच राहिलाय, सुटा घेतला तर आजच अल्बम पुरा होतोय."

"त्यात काय मजा? येईल की पाकिटात."

गुरुराजांची सगळी नोकरी बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. 'येईल' हा शब्द, हातात काहीही पुरावा नसताना, समोरच्याचं समाधान होईल अशा आवाजात म्हणायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते त्यांना फुकट करता येऊ लागलं.

मुलगा दिपक संसार मोडून पुण्याला गेला, तो तिकडचाच झाला. सून पायल मनालीला घेऊन जुळे सोलापुरात राहायची. बाई सरळ होती. दर रविवारी पोरीला रिक्षात बसवून सासऱ्याकडे पाठवायची. पण मागेच तिने फोनवर सांगून ठेवलं होतं, "मामा, तिला रविवारचा गणिताचा क्लास लावायचाय. पण ती ऐकंना. अज्जाकडं कार्डं काढायचीत म्हणते. तेवढा अल्बम भरू दे, मग लावते."

"भरू दे की," गुरुराज म्हणाले होते. तेव्हापासून समुद्रातल्या सगळ्या प्राण्यांमध्ये एकट्या देवमाशाची त्यांना धास्ती होती. पाकीट फुटताना ते डोळे मिटत. पोरीला वाटे, अज्जा देवाला हात जोडतात. जोडतच होते, फक्त मागणं वेगळं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी भाकरी थापायला बाई बसवली आणि बरणी उघडली, तर शेंगाचटणी संपलेली. मनालीला तिच्याशिवाय भाकरी उतरत नाही. गुरुराज तसेच चपला सरकवून गेले, दुकान उघडायच्या आधीच कल्लप्पाला उठवून त्याच्याकडून चटणीचं पाकीट घेऊन आले. पोरीची आठवण वेळेवर झाली म्हणून स्वतःवर खूशही झाले.

भाकरी खाऊन दोघं दुकानात गेली. गुरुराजांनी दुःखी चेहरा तयारच ठेवला होता.

"पाकीट द्या."

"पाकीट कशाला?" कल्लप्पा म्हणाला. "आज सुटा देतो की. भवानी झाली न्हवं? तुमच्याच हातनं झाली, चटणीची."

 गुरुराजांचा चेहरा पहिल्यांदाच खरा झाला.

"माझ्याकडं पैसे आहेत, मावशीनं दिलेले," मनाली म्हणाली.

"थांब गं. एक पाकीट फोडून बघू आधी."

फोडलं. खेकडा.

"अज्जा, लई पैसे घातलात की तुम्ही ह्यात."

"तेच म्हणतो मी," कल्लप्पा म्हणाला. "दर आयतवारी म्हातारा माणूस तोंड पाडून जातो, मला काय बरं वाटतंय का? घे बाळ, निम्म्यात घे. तुझ्या अज्जाकडं बघून देतोय."

एवढी माणुसकी कल्लप्पाने आयुष्यात कधी दाखवली नव्हती. आजच त्याला सुचली. गुरुराजांनी 'उपकार झाले' म्हटलं.

घरी येऊन मनालीने अल्बम जमिनीवर पसरला. मधली चौकोनी मोकळी जागा तिने बोटाने पुसली, देवमाशाला पाठीमागून गोंद लावला आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून चिकटवला. निळा, गुळगुळीत, डोळा एवढासा.

तिने आईला फोन लावला. "मम्मी, झाला. पुरा झाला." मग फोन अज्जांकडे दिला.

"मामा, बरं झालं," पायल म्हणाली. "मग आज लवकरच येते न्यायला. क्लासवाल्या बाई दुपारी भेटतील म्हणाल्यात, तेवढं नाव घालून येते."

"ये की," गुरुराज म्हणाले. खिडकीतला आवाज अजून शाबूत होता.

मनाली अल्बम मिटायला लागली.

"मिटू नको गं. गोंद ओला असेल. पानं चिकटतील."

तिने देवमाशावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, मग अज्जांकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली, "ओलाच हाय."

मे महिना होता. वरून पंखा गरम वारा टाकत होता, आणि सोलापुरात त्या दिवसांत गोंद बाटलीतच वाळतो. दोघं उघड्या अल्बमच्या दोन बाजूंना मांडी घालून बसली आणि आळीपाळीने त्याच्यावर फुंकर घालत राहिली.