निळ्या झाकणाचा डबा

प्राध्यापक सोळा वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. लेकीच्या मैत्रिणींना स्वयंपाकघरात ज्वालामुखी दाखवणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. सहा वर्षांच्या लेकीने तर वर्गात आठवडाभर दवंडी पिटली होती, "माझे बाबा डोंगरातून फेस काढतात!"

ओट्यावर मातीचा डोंगर तयार होता. त्याच्या पोटात वाटी, वाटीत लाल रंग घातलेलं व्हिनेगर. राहिला होता फक्त सोडा. फळीवर एकसारखे पाच डबे, फरक फक्त झाकणांच्या रंगांचा, चिठ्ठी एकावरही नाही. 'चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही,' हे वाक्य प्राध्यापक दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत. पण ते कॉलेजात.

त्यांनी एक डबा उघडला. आत पांढरी पूड. बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ते ओरडले, "अगं, निळ्या झाकणाच्या डब्यात काय आहे?"

"सोडा!" बायकोचा आवाज आला.

"घाल गं बेटा एक चमचा."

लेकीने जीभ दातात धरून चमचा उपडा केला. चौघी मैत्रिणी दोन पावलं मागे सरकल्या. वाटीतलं लाल व्हिनेगर गुलाबी झालं. डोंगर ढिम्म.

"झोपलाय वाटतं," एक म्हणाली.

"आमच्या मामाचा कुत्रा पण असाच आहे," दुसरीने माहिती पुरवली.

प्राध्यापकांच्या तोंडून एकदम वर्गातला आवाज निघाला. "भसकन ओतलंस ना? हळू घाल म्हणून सांगितलं होतं मी! एवढंही जमत नाही तुला?"

सांगितलं नव्हतं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

"चुकलं, बाबा," लेक म्हणाली आणि चमचा फ्रॉकला पुसू लागली.

तेवढ्यात बायको फोन ठेवून आत आली. "कॉर्नफ्लॉर कशाला काढलंत?"

"तूच म्हणालीस ना, सोडा!"

"अहो, मी आमच्या साहेबांना म्हणत होते, 'सोडा! झालं गेलं सोडा.' तुमचा सोडा तो, पिवळ्या झाकणाचा."

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. प्राध्यापकही हसले असते तर निभावून गेलं असतं. पण लेक अजून चमचा पुसत होती. त्यांचे कान तापले. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बेटा, तुझं काही चुकलं नाही. डबा मी चुकीचा घेतला. आणि हळू घाल असं मी सांगितलंच नव्हतं. खोटं बोललो मी."

लेकीने मोठ्या माणसासारखं त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "असू दे हो, बाबा. पुढच्या वेळी मी हळू घालीन."

वाटी नव्याने भरली. पिवळं झाकण उघडलं. प्राध्यापकांनी चमचा पुढे केला, तशी लेकीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुम्हीच घाला. माझ्याकडून पुन्हा बिघडेल."

"काका, घाला ना लवकर!"

त्यांनी घातला. लाल फेस फसफसत उसळला, डोंगरावरून ओट्यावर आला, ओट्यावरून त्यांच्या पायांवर. पोरींनी टाळ्या पिटल्या. सगळ्यांत जोरात लेकीने.

"बघितलंत?" ती मैत्रिणींना समजावून सांगत होती. "हळू घातलं की येतो."

प्राध्यापक फडकं घेऊन खाली वाकले. फरशी लख्ख झाली, तरी बराच वेळ ते वर उठले नाहीत.