माझ्या खांद्याचा विषय

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. उभा जन्म इस्त्री ओढली, त्याची ती कमाई. घरात कुणी कधी त्याकडे पाहिलं नाही. मुलगा तर असा घुम्या, की मी अख्खी वाकडी झाले असते तरी त्यानं फक्त स्टूल पुढे सरकवलं असतं. पाहिलं ते सुनेनं. पाहिलं आणि थेट संशोधनाला विषय घेतला: इस्त्रीच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांच्या खांद्यांचं दुखणं.

तिच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक मॅडमनी नाक मुरडलं. यावर आधी कुणी काय लिहिलंय ते सोमवारपर्यंत दाखव, म्हणाल्या, नाहीतर विषय बदल.

सून आमच्या इस्त्रीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर कॉम्प्युटर ठेवून बसली. जगभरचे लेख शोधायचं तिच्या लायब्ररीचं पान त्यात उघडतं. मी सारखी डोकावत होते. शेवटी विचारलं, किती सापडले? म्हणाली, शून्य.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे साऱ्या जगात हे सुचलं कुणाला, तर आमच्या सुनेला. इस्त्री उभी करून ठेवली आणि तडक शेजारच्या शिंपिणीकडे गेले. तिचा जावई लई शिकलेला, हे ती प्रत्येक काजाला एकदा सांगते. तिला म्हटलं, विचार तुझ्या जावयाला, त्याच्या विषयावर आधी किती जणांनी लिहून ठेवलंय.

परत येते तर सून डोळे पुसत होती.

"आई, शून्य म्हणजे विषय गेला. आधीचं काहीच नसेल तर मी उभी कशावर राहू?"

माझं तोंड एवढंसं झालं. पण शिंपिणीपुढे माघार घेणारी मी नव्हे, आणि सुनेला रडू देणारी तर नव्हेच. दुकान घुम्याच्या गळ्यात टाकलं आणि तिच्याबरोबर लायब्ररीत गेले.

तिथल्या ग्रंथपाल बाईंनी पडद्यावर नजर टाकली. सुनेनं विषयाचं अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घातलं होतं. तेच वाक्य जसंच्या तसं कुणी लिहिलं असेल तरच सापडणार. बाईंनी ते तोडायला लावलं. एका अर्थाचे शब्द ‘किंवा’नं जोडायचे, इस्त्री किंवा धुलाई किंवा लाँड्री. मग ‘आणि’ घालून खांदा. मला उमगलं ते असं, की एकानं पसारा वाढतो आणि दुसऱ्यानं आवरतो. सुनेला एकदाच सांगावं लागलं. पडद्यावर लेखांची रांग लागली.

तिचा चेहरा खुलला, माझा पडला. एवढ्यांनी लिहिलंय? आता शिंपिणीला काय तोंड दाखवू? हळूच विचारलं, यातले थोडे झाकता येतील का. ग्रंथपाल बाईंना एकाएकी खोकला आला.

सून मात्र एकेका लेखाचा सारांश वाचत राहिली. इस्पितळांची धुलाईघरं, मोठी हॉटेलं, कारखान्यांतली यंत्रं. वाचता वाचता थांबली.

"आई, यात सगळे आहेत, तुम्हीच नाही. घरच्या दुकानात हातानं इस्त्री ओढणारी एकही बाई नाही."

आधी मला रागच आला. आम्ही काय हवेत कपडे दुमडतो? मग तिचा चेहरा पाहिला आणि कळलं. आता तिला उभं राहायलाही जागा होती आणि बोलायलाही.

सोमवारी ती लेखांचा गठ्ठा घेऊन गेली आणि विषय मान्य करवून आली. मी शिंपिणीला जाऊन सांगितलं, लिहिलंय बाई पुष्कळांनी, पण माझ्यापर्यंत पोचायला माझी सूनच लागली.

पहिलं माप माझंच. टेप शिंपिणीची, म्हणून तीही दारात येऊन उभी. सून माझ्या पाठीमागे.

"आई, एवढ्या ताठ राहू नका. खांदा आहे तसा सोडा, माप चुकतंय."

सोडत होते हो. पण शिंपीण बघत होती, त्याला मी काय करू?