माझ्या दांड्यांना आठ माणसं

मित्रांनो, जाड हिरवं कापड आणि दोन सागवानी दांडे, एवढाच माझा देह. मी सैन्यातला जुना स्ट्रेचर. तरुणपणी बर्फातून, पुरातून कितीतरी जखमी जवान मी सुखरूप खाली आणले. पुढे माझी तुकडी हलली आणि मी दिल्लीतल्या एका भांडारात, मोडक्या खुर्च्यांमागे धूळ खात पडलो.

एके दिवशी केतकीताईंनी मला बाहेर काढलं. युद्ध झालंच तर कोणत्या कामाला किती माणसं लागतील, याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. आराखड्यात एका स्ट्रेचरला चारच माणसं धरलेली. ताईंना ते पटेना; डोंगरात आठ तरी लागतील, असं त्यांना वाटत होतं.

"केतकी, आकडा दुप्पट केला तर तेवढी माणसं दुसरीकडून काढावी लागतील," त्यांचे वरिष्ठ सुधन्वा सर म्हणाले. "नुसतं वाटतं म्हणून बिलकूल नाही चालणार."

"मग उचलूनच बघू, सर."

फरीदाबादपलीकडच्या खडकाळ टेकडीपाशी चार जवानांनी मला उघडलं. जखमी कोणी व्हायचं? सर स्वतःच आडवे झाले! चांगलेच वजनदार गृहस्थ. सपाटीवर मी झोकात निघालो. चढ लागला तशा जवानांच्या मुठी थरथरू लागल्या. वळणावर एकाचा हात सुटला आणि मी कलंडलो. सरांनी माझा दांडा गच्च धरला. माझं कापड करकरलं, पण फाटलं नाही.

"ठीक हो?" सरांनी विचारलं.

"हम तो ठीक हैं साहब, हाथ जवाब दे गए."

ताईंनी दुसरे चौघे पुढे केले. आळीपाळीने उचलत आम्ही माथा गाठला. सर उतरले आणि त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला.

"मी धडधाकट, म्हणून दांडा धरला," ते म्हणाले. "जखमीला कसा धरता येईल?"

पुढच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, "इतकी माणसं आणायची कुठून?" सर म्हणाले, "ते शोधू. पण डोंगरात आठच लागणार." ताई हे भांडारात सांगत होत्या, तेव्हा मी ऐकलं. अभिमानाने माझे जुने टाके ताणले गेले!

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, माझी शिवण अधूनमधून तपासा. आणि मोठे होऊन कधी माणसांचा हिशेब मांडाल, तेव्हा त्यांच्या दमण्याचाही विचार करा. युद्ध कधीच न होवो. झालंच, तर थकलेल्या हातांशेजारी ताजे हात उभे असतील. त्या कामात या म्हाताऱ्याचाही हातभार लागला आहे.