बाळाच्या डोक्यातल्या निऱ्या

माझी सून बकुळ पाचव्या महिन्यात गच्चीवर पापड राखत बसली होती. एक माकड आलं, पापडांची चळत उचलली आणि पळायच्या आधी तिच्याकडे चांगलं टक लावून बघितलं. बस्, एवढंच. आमच्या दुर्गाघाटावर माकडांचा सुळसुळाट, हे रोजचंच आहे. पण तेवढ्यात मंगला गौरीच्या देवळाजवळच्या कालिंदीकाकू टपकल्या. बाईंच्या जिभेला हाड नाही. "अगंबाई, पोटुशीनं माकडाशी नजर भिडवली? मूल माकडाच्या डोक्याचं होतं हो!" म्हणाल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या.

झालं! पोरीची अन्नावरची वासनाच उडाली. पुरणपोळी केली तरी एक तुकडा मोडून उठायची. "आई, खरंच तसं झालं तर?" एवढंच विचारायची. मी समजावलं, रागावले, देवाला नवस बोलले. कशाचा काही उपयोग नाही. तिचं माहेर लांब नागपूरला, रोडावत चाललेली पोर बघून मलाच रडू यायचं.

सातव्यात माझा धाकटा दिनानाथ सुट्टीवर आला. लखनौला गोऱ्या साहेबाच्या हाताखाली डॉक्टरी शिकतो. म्हटलं, "एवढी पुस्तकं घोकतोस ना, मग वहिनीची भीती घालव."

बसला की हा ऐटीत झोपाळ्यावर! "वहिनी, पाचव्या महिन्यात बाळाचा मेंदू कसा असतो, ठाऊक आहे? गुळगुळीत! उंदराचा असतो ना, तसा. माकडाच्या मेंदूला निदान वळ्या तरी असतात. बाळाच्या तेव्हा जवळजवळ नसतातच."

बकुळनं तोंडाला पदर लावला आणि हमसून हमसून रडायला लागली. माकड परवडलं, आता उंदीर! "मेल्या, हे शिकायला पाठवलं का तुला?" मी लाटणं घेऊनच उठले.

"अगं आई, पुढचं ऐक तरी!" तो झोपाळ्याच्या मागे लपला. "वळ्या पडतात त्या पुढेच. मेंदूचा वरचा पापुद्रा आतल्या भागापेक्षा भराभर वाढतो. माकडाचा उलगडला तर एका पोळीएवढा, माणसाचा दहा पोळ्यांएवढा. जाडीसुद्धा पोळीचीच. आता एवढा पापुद्रा नारळाएवढ्या डोक्यात बसवायचा कसा? मग तो दुमडत जातो."

मी लाटणं खाली ठेवलं. "म्हणजे निऱ्या म्हण की सरळ! नऊवारी लुगडं अंगावर बसवायचं तर निऱ्या घालाव्याच लागतात."

"निऱ्याच! आणि माकडानं बघितलं म्हणून त्या काही सुटत नाहीत. वहिनी, तुमच्या बाळाच्या निऱ्या आत्ता पडताहेत. जन्मल्यावरसुद्धा मेंदू वाढतच राहील. माकडाच्या पिल्लाचं जन्मतानाच बरंचसं उरकलेलं असतं, आपल्याला शिकायला सवड असते."

बकुळनं डोळे पुसले. "आत्ता पडताहेत? या घटकेला?"

"हो तर!"

"मग आई, पोळी वाढा." आणि खरंच जेवली हो, तूप मागून मागून जेवली!

तरी मनातली पाल चुकचुकायचीच. गच्चीवर माकडांचा दंगा सुरू झाला की तिचा हात पोटावर जायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायची आणि काठी घेऊन माकडं हाकलायला धावायची.

दिवस भरले. दाईनं मुलगी पुसून बकुळच्या कुशीत ठेवली. काय सांगू! लालभडक तोंड, खांद्यांवर लव, कपाळावर आठ्याच आठ्या. नेमक्या कालिंदीकाकू दारात उभ्या. "मी म्हटलं नव्हतं?" त्या कुजबुजल्या, पण ऐकू सगळ्यांना आलं.

बकुळ लेकीकडे बघत राहिली. मी तिचा हात घट्ट धरला. तिनं त्या आठ्यांवरून हळूच बोट फिरवलं आणि एकदम खुदकन हसली.

"आई, बघा ना! हिच्या निऱ्या आत मावल्याच नाहीत, कपाळापर्यंत आल्या!"

दाई हसली, मी हसले, हसता हसता रडले आणि नातीची दृष्ट काढली. कालिंदीकाकूंना त्या दिवशी चहा मिळाला नाही.